आषाढातली ताजी मासळी

कारवारचा माणूस म्हणजे जन्मतःच समुद्राचा जाणकार, असा बंगळूरच्या आमच्या कचेरीत सगळ्यांचा समज होता आणि तो खोडून काढण्याइतका मी प्रामाणिक नव्हतो. खरं तर काळी नदी होडीनं ओलांडतानादेखील माझ्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. पण साहेब मला ‘समुद्रराज’ म्हणत आणि मी ती पदवी खुशाल मिरवत असे.

साठ सालाच्या आसपास साहेबांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. कारवार आता आपल्याच राज्यात आलंय, तर तिथं श्रीमंतांच्या यॉट लागतील असा झकास धक्का बांधायचा आणि किनाऱ्यावर ताजी मासळी खाऊ घालणारी उपाहारगृहं काढायची. साहेब स्वतः कांदासुद्धा न खाणारे! योजना लिहिण्याचं काम अर्थातच समुद्रराजाच्या गळ्यात पडलं. मंजुरी मिळाली तर एक इंजिनिअर कायमचा कारवारला जाणार होता, आणि तो मीच, असं साहेबांनी तोंड भरून सांगितलं.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं, तर ती हातातलं लाटणं टाकून उठलीच. तीही कारवारची. जयनगरात ज्यांच्याकडे आम्ही भाड्यानं राहत होतो त्या अक्का कडक शाकाहारी. त्यामुळे मी शिवाजीनगरच्या बाजारातून फायलींच्या मध्ये दडवून बांगडे आणायचे, हिनं दारंखिडक्या लावून ते तळायचे आणि वर मूठभर उदबत्त्या जाळायच्या, असा आमचा रिवाज. “किती देवभक्त हो तुम्ही!” असं अक्का कौतुकानं म्हणायच्या. हिला या चोरट्या जेवणाचा वीट आला होता. दार सताड उघडं टाकून मासे तळायचे आणि तळताना समुद्राची गाज ऐकायची, एवढंच तिचं मागणं होतं. मंजुरीची वाट न बघता तिनं आपल्या शेवंतीच्या कुंड्या अक्कांना देऊन टाकल्या.

“सरी, बरं झालं, पण स्वल्प थांबायचं होतंस की,” अक्का आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या.

मी योजना लिहायला बसलो. समितीला आधी नमुना म्हणून एक सहल हवी होती. बड्या पाहुण्यांना बोटीतून फिरवायचं आणि किनाऱ्यावर जेवू घालायचं. ती कधी ठेवावी याचा मी फार खोल विचार केला. बंगळूरचे बडे लोक सदा कुणाच्या तरी लग्नात अडकलेले. आषाढात मात्र इकडे लग्नं होत नाहीत. मग ठेवा आषाढात! या हुशारीवर मी इतका खूश झालो की तो परिच्छेद बायकोला दोनदा वाचून दाखवला. जेवणात काय काय असावं ते तिनंच सांगितलं. इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे, तिसऱ्यांचं सुकं, बांगड्यांचं तिरफळ घातलेलं हुमण. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो, आणि दोघांच्या ताटात होती सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, पावसाळ्यासाठी म्हणून सासूबाई दर वर्षी गोणपाटात शिवून पाठवत ती.

समितीत मंगळूरकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझा कागद चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“आषाढात बोट कोण नेणार?” त्यांनी विचारलं. “तुम्ही?”

आषाढात समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी होडी पाण्यात लोटत नाही. हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं आणि त्या खोलीत ते मला एखाद्या परक्यासारखं कळलं. सगळे पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. ज्या समुद्रराजाला समुद्र कधी बंद असतो तेच ठाऊक नाही, त्याची योजना कोण मंजूर करणार? फाईल तिथंच मिटली आणि कारवारची बदलीही तिच्यातच राहिली.

संध्याकाळी मी घरी गेलो तो चांगली खरडपट्टी निघणार या तयारीनंच. झालेली फजिती मी नकलांसकट सांगितली. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली.

“अहो, पण इसवण घाला असं मीच सांगितलं ना तुम्हांला?”

तिनं पदरानं डोळे पुसले.

“आषाढात आमच्या दारासमोर होड्या माडाच्या झापांखाली झाकून ठेवलेल्या असायच्या. आम्ही त्यांच्यावर चढून खेळायचो. मला कसं आठवलं नाही?”

तिच्या ओरडण्याची तयारी करून गेलो होतो, या प्रश्नाची नव्हती. तिचं कारवार हुकलं म्हणून मला वाईट वाटलं होतंच, पण आता वाटलं ते त्याहून फार वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अक्कांकडे गेली आणि आपल्या कुंड्या परत मागून घेऊन आली.