पोलीस लाइनीतलं दूध

पिल्लाची मान लोंबत होती आणि बाई मला सांगत होती, की ते नुसतं झोपलंय.

मी परळच्या जनावरांच्या दवाखान्यात आया होते. कुत्र्यांचा वॉर्ड माझ्याकडे. झाडणं, धुणं, जनावर धरून ठेवणं, त्याचं तोंड बांधणं, औषध पाजणं, सगळं मी करायची. त्या बाईच्या पदरातून मी पिल्लू काढून घेतलं. तांबूस रंगाचं, मुठीएवढं. डोळे नुकतेच उघडलेले. हाताला गार लागलं. कुत्र्याचं अंग माणसापेक्षा गरम असतं. धडधाकट पिल्लू हातात घेतलं की ऊब लागते. हे गार, म्हणजे काम अवघड होतं.

"काय पाजलंत?" मी विचारलं.

"दूध."

"कसलं?"

"म्हशीचं. साखर घालून."

"पाणी नाही घातलं?"

"मी कशाला घालू? भय्या घालतोच की."

बाईचं नाव शेवंता. लालबागच्या चाळीत राहणारी, मालवणकडची, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. नवरा दत्ताराम मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रोज कुठे ना कुठे मोर्चा, रोज धरपकड. दत्तारामने आदल्या आठवड्यात हे पिल्लू घरी आणलं, "सांभाळ गो याला" म्हणून बायकोच्या ओटीत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी मोर्चात गेला तो थेट जेलात.

"तो सुटून आला आणि पिल्लू कुठाय म्हणाला, तर मी काय सांगू?" शेवंता म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्याने मला सांगितलेलं हे पहिलं काम."

आमचे डॉक्टर नवलकर गिरगावातल्या जुन्या घरातले. बोलणं सावकाश, कपडे कडक इस्त्रीचे. जनावराच्या मालकांवर ते कधी ओरडायचे नाहीत. न ओरडता जे बोलायचे ते जास्त लागायचं. पण त्यांचा हात जनावराला लागला की जनावर निवांत व्हायचं. तसा हात मी पुढे कुणाचा पाहिला नाही.

"इतकं लहान का आणलंत?" त्यांनी विचारलं.

"डोळे उघडले की आणायचं असतं. आपल्या हातचं दूध प्यालं की आपलं होतं. मोठं झाल्यावर आणलं तर आईचंच राहतं. आमच्याकडे गावाला सगळे असंच करतात."

हे खरं होतं. मीही कोकणातलीच. आमच्याकडेही डोळे उघडले की पिल्लू घरात घ्यायचे. पण गावाला कुत्री त्याच अंगणात असते. आपण पिल्लाला वाटीभर पेज देतो आणि म्हणतो, बघा, आपल्या हातचं खातं. पाठ वळली की ते पडवीखाली जाऊन आईला लुचतं. म्हणून जगतं. लालबागला तिसऱ्या मजल्यावर आणलं तर आई कुठली? चूक ही एवढीच होती. गावची रीत उचलून आणली, अंगण मागे राहिलं.

डॉक्टरांनी आधी ऊब द्यायला सांगितली. गार पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर पचत नाही, आत नासतं. रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, वर फडकं गुंडाळलं, पिल्लू त्यावर ठेवलं. अंग कोमट झाल्यावर ड्रॉपरने ग्लुकोजचं पाणी, थेंब थेंब. बऱ्याच वेळाने त्याने जीभ हलवली.

"हे संध्याकाळपर्यंत टिकेल," डॉक्टर म्हणाले. "पुढचं औषध माझ्या कपाटात नाही. ते त्याच्या आईकडे आहे. आई कुठे असते?"

शेवंता पिल्लाखालचं फडकं नीट करत बसली.

"बाई, आई कुठे?"

"नायगावला. पोलीस लाइनीत."

दत्तारामच्या दोस्ताने ते तिथल्या जिन्याखालून उचललं होतं. मला हसू आलं, पण डॉक्टरांसमोर हसता येईना.

"मग न्या तिकडे," डॉक्टर म्हणाले.

शेवंता उठून उभी राहिली. "पोलिसाच्या दारात मी पाय ठेवायची नाही. माझ्या माणसाच्या पाठीवर काठी पडलीय."

"कुत्रीने मारली नव्हती," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "भागीरथीबाई, तुम्ही बरोबर जा. कुत्रीने घेतलं नाही तर काय करायचं ते माहीत आहे ना?"

माहीत होतं. त्यांनीच शिकवलेलं. बस मिळणार नव्हती, त्या दिवशी हरताळ होता. आम्ही चालत निघालो. पिल्लू करंडीत, खाली गरम पिशवी. शेवंता माझ्यामागे.

पोलीस लाइनीत पहिल्या जिन्याखाली कुत्री सापडली. तांबडी, एक कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्या. पोटाशी आणखी तीन पिल्लं. समोरच्या खोलीतून हवालदाराची बायको बाहेर आली. साताऱ्याकडची, उंच, अंगाने थोराड. तिला सगळे हवालदारीणबाई म्हणायचे.

"काय पायजे?"

मी करंडी उघडून दाखवली. तिने पिल्लू बघितलं, मग शेवंताला बघितलं.

"आस्सं! मी म्हणतीय एक पिल्लू गेलं कुठं. पोलीस लाइनीत चोरी! छाती लागती की."

"चोरी नाही केली," शेवंता म्हणाली.

"मग काय, ते चालत गेलं तुमच्याकडं?"

"माझा घो जेलात आहे. तुमच्या माणसांनी मारलंय त्याला."

"आन् माझा आत झोपलाय. डोसक्याला टाके हायत. तुमच्याच माणसांचा दगड."

दोघींचे आवाज चढले. पिल्लाला तेवढा वेळ नव्हता. "भांडायचं असेल तर मागाहून भांडा," मी म्हटलं, "आधी हे कुत्रीला लावू दे."

हवालदारीणबाई बाजूला झाली. मी पिल्लू कुत्रीपुढे ठेवलं. कुत्रीने हुंगलं. नाक मागे घेतलं. परत हुंगलं, गुरगुरली आणि नाकाने त्याला लांब ढकललं. मी पिल्लू नाकाशी धरलं. त्याला साबणाचा वास येत होता.

"याला आंघोळ घातलीस?"

"घातली," शेवंता म्हणाली. "रस्त्यावरचं जनावर घरात घ्यायचं, मग धुवायला नको? लाल साबणाने चांगलं घासलं."

आमच्या चाळींत हे असंच. बाहेरून जे येईल ते आधी मोरीत. भाजी, मासळी, माणूस, कुत्रं. पण कुत्री आपलं पोर ओळखते ती नाकाने. तिच्या हिशेबाने हे साबणाचं काहीतरी आलं होतं.

अशा वेळी करायचं ते असं. आई थोडी दूर जाऊ द्यायची. मग पिल्लू बाकीच्या पिल्लांवर आणि त्यांच्या अंथरुणावर चोळायचं, म्हणजे सगळ्यांचा वास एक होतो. हवालदारीणबाईला मी सांगितलं, कुत्रीला बाहेर ने. ती आतून कालवणात बुडवलेली भाकरी घेऊन आली. कुत्री तिच्यामागे गेली. मी पिल्लाला त्या घाणेरड्या गोणपाटावर लोळवलं, तिन्ही भावंडांच्या पोटाखाली सारलं, त्यांच्या मुतात भिजवलं. शेवंता नाकाला पदर लावून बघत होती.

"तोंड काय वाकडं करतेस? याच वासावर त्याचा जीव आहे," मी म्हटलं.

कुत्री परत आली. एकेकाला हुंगत गेली. आमच्या पिल्लापाशी थांबली. खूप थांबली. हवालदारीणबाई जिन्याला हात टेकून वाकली. मग कुत्रीने जीभ काढली आणि त्याचं ढुंगण चाटायला लागली.

शेवंताला वाटलं, खाते की काय. मी सांगितलं, इतक्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय शी-शू नीट होत नाही. पोट फुगतं. ड्रॉपरने दूध पाजता येतं, पण हे चाटणं घरी कुणी करत नाही.

पिल्लात ओढायची ताकद नव्हती. मागच्या सडांना दूध जास्त असतं. मी तिथे त्याचं तोंड धरलं आणि सड दाबून दोन थेंब सोडले. कुत्रीने मला तसं करू दिलं. दात होते तिला, चावू शकली असती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोकं खाली टाकलं. पिल्लाचा जबडा हलला. मग पुढचे पाय हलले.

"लागलं," हवालदारीणबाई म्हणाली.

ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत तिथेच ठेवायचं, असा डॉक्टरांचा निरोप होता. हवालदारीणबाईने एकच अट घातली. "कुत्री चौघांना पाजती. माझ्या घरात माणसांनाच पुरत न्हाई. तिला खायला कोन घालनार?"

"मी घालीन," शेवंता म्हणाली.

आणि तिने घातलं. रोज डबा घेऊन लालबागहून नायगावला. तांदळाची पेज, माशांची डोकी, कधी सुक्या मासळीचं पाणी. नाक्यावर बंदोबस्त असला की गल्लीतून वळसा घेऊन जायची. चाळीतल्या बायका टोमणे मारायच्या, "काय गो, घोव जेलात आणि तू पोलिसांका डबो पोचवतंस?" ती म्हणायची, "पोलिसांका नाय, त्यांच्या कुत्रीक." आणि पुढे चालू लागायची. मला स्वतःला हे जमलं नसतं.

आठवड्याला मी बघून यायची आणि डॉक्टरांना सांगायची. एक दिवस शेवंता धावत दवाखान्यात आली. म्हणाली, कुत्री ओकली आणि पिल्लांनी ते खाल्लं. डॉक्टर म्हणाले, उत्तम. कुत्री अर्धवट पचलेलं अन्न पोरांसाठी पोटातून वर काढते. पिल्लाचं पहिलं जेवण तेच. अंगावरचं दूध तोडायला ती तिथून सुरुवात करते. डॉक्टर त्याला वीनिंग म्हणायचे. पुढे पिल्लांना दात आले. पाजता पाजता कुत्री उठून जायला लागली. कुणी जोरात चावलं तर त्याचं तोंड आपल्या जबड्यात धरून खाली दाबायची. जखम नाही, रक्त नाही, पण पिल्लू किंचाळायचं. परत चावताना हळू चावायचं. भावंडांतही तेच. जो जोरात चावेल त्याच्याशी बाकीचे खेळत नाहीत. दात किती लावायचा हे कुत्र्याला माणूस शिकवू शकत नाही. ती शाळा आई आणि भावंडांची, आणि ती शेवटच्या आठवड्यांत भरते. लोक नेमकं तेव्हाच पिल्लू उचलतात, कारण तेव्हा ते गोंडस दिसतं.

मग दत्ताराम सुटला. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, मागे चार दोस्त, असा थेट दवाखान्यात आला. शेवंता त्याच्या मागे होती.

"डॉक्टरसाहेब, माझं पिल्लू पोलीस लाइनीत ठेवलंय म्हणे. आजच्या आज घेऊन जातो. त्यांच्या जिन्याखाली माझं कुत्रं वाढणार नाही."

"दोन आठवडे थांबा," डॉक्टर म्हणाले. "आठ आठवड्यांचं झालं की न्या."

"आता खातंय ना ते?"

"खातं. अजून शिकतं आहे."

"आम्ही थांबणारी माणसं नाय, साहेब."

"अहो, मुंबई मिळेपर्यंत हटणार नाही म्हणता. त्याला किती वर्षं लागतील ते ठाऊक नाही, तरी जेलात जाऊन बसता. इथे तर मी तारीख देतोय."

दोस्त हसले. दत्ताराम हसला नाही. "चल गो, दाखव कुठला जिना तो," असं बायकोला म्हणाला.

शेवंता जागची हलली नाही. "पिल्लू वेळ झाल्यावर येईल. तुम्ही जेलात होता तेव्हा त्याला जगवलं कुणी? त्या कुत्रीने आणि त्या पोलिसाच्या बायकोने. आज हार घालून तिच्या दारात जाऊन तुम्ही पोर ओढून आणणार? यायचं तर या माझ्याबरोबर. पण डबा घेऊन."

चार लोकांसमोर नवऱ्याला असं बोलणं त्या काळी सोपं नव्हतं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. दत्तारामने हार काढला. शेवंताच्या हातातला डबा घेतला.

मीही गेले, आठवड्याची तपासणी होतीच. जिन्यापाशी हवालदार खाटेवर बसला होता, कपाळावर टाक्यांचा वण. त्याने दत्तारामला खालून वर बघितलं.

"मोर्चात हुता काय रं?"

"होतो. तुम्ही?"

"मी बी हुतो. पलीकडच्या अंगाला."

दत्तारामने डब्याचं झाकण उघडलं.

"कुत्रीला खायला आणलंय," दत्ताराम म्हणाला.

"मग ठेव तितं. हात लांब ठेव, नवीन मानसाला चावती."

पुढे दोन आठवडे डबा दत्ताराम पोचवत होता. पाळी सुटली की मिलमधून घरी, घरून डबा घेऊन नायगावला. दोस्तांनी थट्टा केली असणार. त्याने मनावर घेतली नाही. बायकोची भीती असेल किंवा तिचा मान असेल, लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

आठ आठवडे झाले त्या दिवशी शेवंताने पिल्लू उचललं. कुत्रीने करंडी हुंगली, वळली आणि उन्हात जाऊन झोपली. रडणं-बिडणं काही नाही. तिचं काम पुरं झालं होतं, आणि ते तिला कळलं होतं. हवालदारीणबाईने मात्र शेवंताच्या ओटीत मूठभर तांदूळ घातले, लेक सासरी पाठवावी तसे.

त्या कुत्र्याने लालबागच्या चाळीत पुढे बरीच वर्षं काढली. पोरं त्याचे कान ओढायची, शेपटी ओढायची. कुणाला दात लागला नाही. त्याचं एक भावंड लाइनीतल्याच एका शिपायाने फार लवकर नेलं होतं. ते शिपायाच्या सासूला चावलं, पाहुण्यांना चावलं, शेवटी शिपायालाही.

अजूनही ओळखीतले लोक मला विचारतात, पिल्लू कधी आणावं. मी सांगते, आठ आठवड्यांनी. ते म्हणतात, पाच-सहा चालतील का? मी म्हणते, मग मला विचारायला कशाला आलात?