मास्तरचा अंगठा

मुख्याध्यापकांनी शाईची गादी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या बायकोला विचारलं, "याला कळतं का काही?"

मी समोरच होतो. खुर्चीवर नाही, बाकावर. चार महिन्यांपूर्वी याच खोलीत ते मला 'गुरुजी' म्हणायचे. आता मी 'हा' झालो होतो.

बायको म्हणाली, "सगळं कळतं त्यांना. बोलायला जमत नाय."

"म्हणजे तेच."

तेच नव्हतं. मासवणहून शाळेला येताना उतारावर सायकलचा ब्रेक तुटला. डोकं दगडावर आपटलं. आठ दिवसांनी शुद्धीवर आलो. माणसं ओळखली. डॉक्टर माझ्याबद्दल काय बोलतात तेही समजलं. शब्द तेवढे गेले. पाणी मागायला तोंड उघडलं की 'दोरी' निघायचं. चुकलं, हे निघताक्षणी कळायचं. उजवा हात लुळा. गावात उठलं, मास्तर खुळावला.

शब्द आणले आईने. चुलीपुढे बसवायची, वस्तू हातात द्यायची. "ह्ये काय हाय? बोल." रोज. आले ते घरचे शब्द आले. हाय. नाय. आमी. पुस्तकातली भाषा तेव्हा आलीच नाही. डोंगरावरच्या आमच्या घरात पहिला शिकलेला मी. ती भाषा घासून घासून कमावली होती. आणि ती मिरवायला काय केलं मी? वर्गात आमच्याच डोंगरावरचं पोरगं 'नाय' म्हणालं की हातावर छडी. "नाही म्हण! नाही!" आईसमोर बसून हे आठवायचं. लाज वाटायची ती याची. मुकं झाल्याची नाही.

मुख्याध्यापकांनी कागद वाचला. माझी बुद्धी गेली आहे, मी स्वखुशीने नोकरी सोडतो आहे.

मी म्हणायला गेलो, "मी... आमी..." पुढचा शब्द अडकला.

कोपऱ्यातले एक शिक्षक हसले. "शेवटी मूळ बोलीवर गेला. पॉलिश होतं, उडालं."

मग मुख्याध्यापकांनी माझा डावा अंगठा धरला. स्वतःच्या हाताने. विचारलं नाही. शाईत दाबला, कागदावर नेला. अंगठा सोडा, सही शिका, असं सांगत मी दारोदार फिरलेला माणूस.

मी हात ओढला. कागदभर शाई फरफटली.

"नाय."

"काय?"

"नाय. माजी बुदी... हाय. बुदी हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. मुख्याध्यापक बायकोला म्हणाले, "घेऊन जा याला."

मी तिच्याआधी उठलो.

घरी पेन्सिल डाव्या हातात धरली. बुद्धी शाबूत आहे, नोकरी सोडत नाही, एवढ्या चार ओळींच्या अर्जाला सहा दिवस लागले. बायकोला अक्षर येत नव्हतं. ती कागद हलू नये म्हणून दाबून बसायची. अर्ज पालघरला शिक्षण खात्याच्या कचेरीत नेऊन दिला. उपयोग झाला नाही. सहीशिवायच काढलं मला, वेडा ठरवून.

पुस्तकातली भाषा पुढे कित्येक वर्षांनी थोडी थोडी परतली. आता हे मी सांगतोय, मुलगी लिहून घेतेय. कधी एका वाक्याला सकाळ जाते. बाजारात, कचेरीत लोक माझं वाक्य तोंडातून काढून घेतात, स्वतःच पुरं करतात, वर कीव करतात. मुलगीही मधेच शब्द सुचवते. मायेने. मी हात वर करतो. थांब.

उशीर होईल. होऊ दे. माझ्या वतीने आता कुणी बोलायचं नाय.