रुमालाखालचा सौदा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढे उभा राहतो, हात जोडतो, आणि ऐनवेळी दुसरंच काहीतरी बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल.

मी धुळ्याच्या बैलबाजारात दलाल. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं धरायची, मग घेणाऱ्याची. दोघांना एकमेकांचा आकडा कळत नाही. कळतो फक्त मधल्याला. या धंद्यात मी कुणाच्या आधाराशिवाय उभा राहिलो. सातवीत वडिलांनी शाळेतून काढून हातात कासरा दिला. धाकट्या बहिणीला, शालूला, मात्र मी कॉलेजात घातलं — बघा, अजून बोलून दाखवतोच आहे.

बी.ए. झाल्यावर शालूला दिल्लीला जाऊन आंतरराष्ट्रीय राजकारणात एम.ए. करायचं होतं. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात या विषयाचं नावही कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. भाकरी थापता थापता ती मला सांगायची — पदवीला चांगले गुण लागतात, ते आहेत. प्रवेश परीक्षा इंग्रजीतून असते. मग मुलाखत. पुढे एक परदेशी भाषाही शिकावी लागते. आणि शिकवणाऱ्या दोघांची शिफारस. एका बाईंची मिळाली होती. राज्यशास्त्राच्या सरांची राहिली होती.

"पन इतलं शिकीसन करशी काय?" मी विचारलं.

ती हसली. "दोन देश भांडतस, तवय मधमा एक मानूस लागस. तू बजारमा करस तेच शे हाई, भाऊ."

केवढा मान दिला होता तिने मला! मग मी काय मनात धरून बसलो होतो? कॉलेजच्या शेवटच्या दिवशी तिला आणायला मी बाजारातून तसाच गेलो होतो. पायजम्याला शेण. मैत्रिणीने विचारलं, हे कोण? शालू म्हणाली, "आमच्या गावचे आहेत."

गावचे. भाऊ नाही. एका वाकड्या शब्दासाठी भर बाजारात गळा धरणारा मी — ते मुकाट गिळलं. गिळलं, पण पचवलं नाही.

सुट्टी लागली. ती गावात, सर धुळ्यात, आणि दर बाजाराला जाणारा मी मध्ये. सर शिफारस देतील का, एवढं विचारून ये, असं म्हणून तिने मलाच पाठवलं.

सरांनी मला खुर्चीवर बसवलं. चहा स्वतः आणून दिला. म्हणाले, "तुम्ही शालिनीचे भाऊ ना? मला माझ्या भावाने शिकवलं, असं ती वर्गात उभं राहून सांगते. अहो, तिची शिफारस करायला मला अभिमानच वाटेल."

इथे थांबता आलं असतं. राग उतरला होता — खरंच उतरला होता, हे लपवून चालणार नाही. तरी मी म्हणालो, "नको सर. तिचं लग्न ठरलंय."

का? वाटेत तसं ठरवून आलो होतो म्हणून? की ती खरोखर जाणार, हे त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं म्हणून? सरांचा चेहरा उतरला. लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी कॉलेजातला माणूस चौकशीला येत नाही — हा हिशेब मी आधीच करून ठेवला होता.

घरी शालू ओट्यावर वाट पाहत उभी होती. "काय बोलनात सर?"

जनावर कुठल्या पायाने लंगडतं ते मला लांबून दिसतं. तिला धाकधूक होती ती एकाच गोष्टीची.

"सर बोलनात, तुनं इंग्रजी कच्चं शे. दिल्लीमा लोके हसतीन."

"बरं," ती म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. आत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिला चाळीसगावला दिलं. बस्ता बांधायला धुळ्याला गेलो, तर स्टँडवर समोरून सर येताना दिसले. शालू शरमेने माझ्या पाठीमागे लपली. आणि मी? मी छाती काढून, जमेल तेवढा रुंद होऊन उभा राहिलो. सर नमस्कार करून निघून गेले. बाजारात घेणारे-विकणारे इतके आजवर मी समोरासमोर येऊ दिले नाहीत; पण ती दोघं तर हातभर अंतरावर होती.

आता तिची मुलगी शाळेत जाते. गेल्या भाऊबीजेला मी त्यांच्याकडे होतो. पोरगी इंग्रजीचं पुस्तक घेऊन आईपाशी आली. शालूचे हात कणकेत होते.

"माले नको इचारू, बाई. मन्हं इंग्रजी कच्चं शे. सरच तसं बोलनात — इचार तुना मामाले."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. "खरं का, मामा?"

"हो," मी म्हणालो.

मग शालूने हात धुतले, मला पाटावर बसवलं, आणि ओवाळलं.