एकदाच दाबायचं बटण

किनवटजवळच्या एका आश्रमशाळेत मी कारकून म्हणून लागले, तेव्हा दाखल्याचं काम मला शिकवलं ते तिथल्या मोठ्या बाबूंनी. मी त्यांना काका म्हणायची. पुढं त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सहीला वेळ लागायचा, तेवढं चालून जाई. अडचण आली ती कॉम्प्युटरवर.

दाखल्याचा नमुना वर्डमध्ये मीच केला होता. खाली एक बटण ठेवलेलं. ते दाबलं की पुढचा नंबर पडून दाखला छापून निघायचा. काकांचं बोट एकदा दाबून थांबत नसे. मग एकाच पोराचे दोन दाखले, दोन वेगळ्या नंबरांचे.

एक दिवस मुख्याध्यापकांनी तसले कागद माझ्या टेबलावर टाकले. "मॅडम, काकांना आता मशीनवर बसवू नका. टपाल बघू द्या."

काका दारातच उभे होते. "हात ऐकून न्हाई राहिला, सर," एवढंच म्हणाले.

मला ते सहन झालं नाही. "सर, सोमवारपर्यंत थांबा," मी म्हणाले. "चूक बटणाची आहे. ते मी दुरुस्त करते."

लातूरला क्लासमध्ये मॅक्रो, म्हणजे बटणामागच्या सूचना लिहिणं, जेमतेम शिकले होते. तरी बसले. बटणाच्या कोडमध्ये पहिलीच ओळ टाकली: दाबल्याबरोबर बटण बंद. चाललं! अक्षरं फिकी झाली, कितीही दाबा, काही होईना. पण फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली, तर बटण मेलेलंच. आता कुणाचाच दाखला निघेना. चिडले, पण उठले नाही. शेवटी वर 'नवीन विद्यार्थी' असं दुसरं बटण केलं. ते दाबलं की जुनं नाव पुसलं जायचं आणि छपाईचं बटण परत चालू व्हायचं.

सोमवारी काका मशीनवर बसले. सर मागं उभे. काकांचं बोट बटणावर थडथड आपटलं. कागद एकच आला. सरांनी स्वतः वाकून बटण दाबून पाहिलं. काही नाही.

"बरं, राहू द्या काकांकडंच," म्हणत ते गेले.

काका माझ्याकडं वळले. "बाई, हे माझ्यासाठी बंद केलं व्हय?"

"सगळ्यांसाठी, काका. माझ्याकडूनही दोनदा दाबलं जातं."

"लई खोटं बोलून राहिल्या तुम्ही," ते हसले, आणि खिडकीशी थांबलेल्या पोरीला त्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं.

रिटायर होईपर्यंत दाखले त्यांनीच काढले.