आलेखाच्या कागदावरचं पावणे

कॉलेजात व्यवहारगणिताच्या तासाला तो माझ्यापुढे बसायचा. नाव मी मुद्दाम विचारलं नाही. सरांनी प्रमाण शिकवून गावाचा नकाशा काढायला सांगितला. मी चळवळीची पत्रकं लिहिणारा. नकाशावरही लाल शाईत घोषणाच लिहिल्या. तो मात्र पेन्सिल गालावर घाशीत आलेखाच्या कागदावर पावणे गावातलं एकेक घर आखत होता.

"यात राग कुठाय?" मी डिवचलं.

"राग तू कर ना. मी घरं दाखवतो."

कारखान्यांसाठी पावणे गावाची जमीन जाणार, म्हणून तिथं सभा भरली; तोही आला होता. माझं भाषण चालू असताना लोक विड्या ओढत बसले. मग त्यानं नकाशा उलगडला.

"माजं घर कुठं हाय रं?" एका म्हातारीनं विचारलं.

त्यानं तिचं बोट धरून घरावर टेकवलं.

"ह्ये बी नेनार?"

सगळी सभा उठून उभी राहिली. ती माझ्या शब्दांनी उठायला हवी होती.