काळ्या लाखेची पुडकी

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्कारवाइक गावी आलेला पाहुणा रिकाम्या हाताने परतला, असं सहसा होत नसे. बंदरावर उतरायचं, गरम मच्छी खायची, वाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची आणि बस सुटायच्या आत डॉर्कस व्हेरिलच्या दुकानात शिरायचं. तिथे काकवीची टॉफी मिळे, आल्याचा केक मिळे, गूजबेरीचा मुरंबा मिळे. पण उड्या पडायच्या त्या बिस्किटांवर. शहाजिरं घातलेली, लोण्याने खुसखुशीत, दोन-दोनची जोडी पांढऱ्या कागदात बांधून वर लाल लाखेचा ठिपका. लोक ती लीड्सला न्यायचे, लंडनला न्यायचे. एका बाईने तर ऑस्ट्रेलियातल्या बहिणीला धाडली होती.

ही मयताची बिस्किटं आहेत, हे त्यांना कोण सांगणार? गावात कुणी गेलं की डॉर्कस हीच बिस्किटं भाजायची. तेव्हा लाख काळी असायची. घरटी एक पुडकं पोचलं की ते मयताला येण्याचं बोलावणं. माती देऊन परत आल्यावर ते घरी फोडायचं आणि गेलेल्याचं नाव घेऊन खायचं.

लाल लाखेची अक्कल डॉर्कसची स्वतःची. नवऱ्याला, टॉमला, समुद्राने नेलं तेव्हा मुलगा मॅट अंगावर पीत होता. पोट कुणाला चुकलंय? तिने त्याच बिस्किटांना लाल लाख लावून पाहुण्यांसाठी फळीवर मांडलं. गावाने नाकं मुरडली. शेजारची नॅन्स लेडली तोंडावर म्हणाली, "अगं, मयताचं खाणं विकतेस? लाज नाही वाटत?"

"टॉम माझ्यासाठी काही ठेवून गेला नाही," डॉर्कस म्हणाली. "त्याची बिस्किटं तरी पोसू देत मला."

त्यावर नॅन्स इतकी हसली की तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. आता महायुद्ध संपूनही पंधराएक वर्षं झाली होती, मॅट बापासारखीच होडी चालवत होता आणि नॅन्स रोज सकाळी चहाला येऊन डॉर्कसच्या चहाला नावं ठेवत होती.

डॉर्कसने सासूचे बाकी सगळे नियम धाब्यावर बसवले, एक सोडून. सासू सांगायची, मेलेल्याचं नाव विचारल्याशिवाय काळी लाख वितळवायची नाही. बिननावाचं पुडकं आपलं माणूस शोधत फिरतं. डॉर्कस देवाला फारशी भीत नसे, पण या गोष्टीला भ्यायची.

आणि तिथेच ती चुकली.

ऑक्टोबर लागला होता, ऊन छान पडलं होतं, दोन बसगाड्या एकदम आल्या होत्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीतून एक करड्या कोटातली बाई पुढे आली. कोटाच्या कडांतून पाणी ठिबकत होतं. डॉर्कसला वाटलं, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरली असणार. शहरातली माणसं घसरतातच.

"मला काळ्या लाखेची हवीत," बाई म्हणाली. "सगळ्या गावाला पुरतील इतकी. गुरुवारी नेईन."

हल्ली पाहुण्यांना जुनं जुनं फार आवडे. कुठून तरी ऐकून तसलंच काही खूळ घेतलं असेल, असं समजून डॉर्कस "बरं" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बुधवारी तिने बिस्किटं भाजली, पुडकी बांधली, काळी लाख लावली आणि परात खिडकीपाशी ठेवली.

चहाला आलेल्या नॅन्सने परात पाहिली. "अगंबाई! कोण गेलं? मला कसं नाही कळलं?"

"कोणी नाही गं. एका पाहुणीला न्यायचीत."

"कुठली पाहुणी? आणि काळ्या लाखेची? नाव काय तिच्या माणसाचं?"

डॉर्कसच्या हातातली किटली तशीच राहिली. तिने विचारलंच नव्हतं.

"फोडून टाक," नॅन्स कुजबुजली. नेहमीचा टवाळ सूर कुठल्या कुठे गेला होता.

"लाख लावलेलं पुडकं भाजणारीने फोडायचं नसतं. तुलाही ठाऊक आहे."

संध्याकाळी मॅट जाळी घेऊन आला, तेव्हा डॉर्कस दारातच उभी होती. "उद्या होडी काढू नकोस."

"का? समुद्र कसा तव्यासारखा सपाट आहे बघ."

तिने सगळं सांगितलं. मॅट हसत सुटला. "आई, जन्मभर तू मयताची बिस्किटं विकलीस, आणि आता तुझीच पाचावर धारण बसली! एखाद्या म्हातारीला आवड असेल."

"तुझ्या बापालाही मी असंच अडवलं होतं. तोही असाच हसला होता."

मॅटचं हसू मावळलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दोघं सोबत आहेत माझ्या. मी नाही गेलो तर त्यांच्याही घरी चूल पेटायची नाही. दुपारच्या जेवणाला येतो. मटण शिजवून ठेव."

गुरुवारी उजाडताना होड्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग धुकं आलं. असं धुकं की दुकानाच्या दारातून धक्का दिसेना. लाटांचा आवाजसुद्धा त्यात बुडाला. एकेक होडी चाचपडत परतली, मॅटची नाही. डॉर्कसने मटण चुलीवर ठेवलं आणि ते करपायला लागलं तरी तिला वास आला नाही.

दाराची घंटा वाजली. करड्या कोटातली बाई आत आली. बाहेर येणारा-जाणारा प्रत्येकजण धुक्याने ओलाचिंब होत होता. हिचा कोट ठणठणीत कोरडा होता.

"तयार आहेत?"

डॉर्कसने परात पुढे ओढली, पण हात वरून काढला नाही. "आधी नाव सांगा. कोण गेलं?"

"नाव तू विचारलं नव्हतंस," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. "आता तूच दे. कुणाचंही चालेल."

कुणाचंही. डॉर्कसच्या जिभेवर लगेच एक नाव आलं. वरच्या आळीतला एझ्रा हारलंड, नव्वदीचा, अंथरुणाला खिळलेला. रोज देवाकडे सुटका मागायचा. कुणाचं काय बिघडणार होतं? तिने तोंड उघडलंही. मग तिला आठवलं, एझ्राची नात त्याला रोज सकाळी खिडकीशी बसवते आणि तो येणाऱ्या प्रत्येक होडीकडे बघून टोपी हलवतो. तिला स्वतःची इतकी किळस आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"डॉर्कस व्हेरिल," ती म्हणाली आणि हात उचलला.

बाईने मान हलवली. परात उचलून ती बाहेर पडली. घंटा वाजली, दार लागल्यावरही बराच वेळ वाजत राहिली.

दुपारी मॅट दारात उभा होता, ओला, थरथरत, पण धडधाकट. डॉर्कस त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

"आई, अगं खडकावर आदळणारच होतो," तो म्हणाला. "इतक्यात तुझ्या दुकानाची घंटा ऐकू आली. अगदी कानाशी. दोघांनीही ऐकली. तिच्या रोखाने आलो." मग त्याने नाक वर केलं. "मटण जाळलंस ना?"

"जाळलं," डॉर्कस म्हणाली. "तसंच खा."

त्याने करपलेलं मटण मिटक्या मारत खाल्लं आणि ती समोर बसून पाहत राहिली. टॉम गेल्यापासून इतकं सुखाचं जेवण त्या घरात झालं नव्हतं. भीती होती, नाही कसं म्हणावं? पण मॅटने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा ती भीतीसुद्धा विसरली.

शुक्रवारी स्वच्छ ऊन पडलं. डॉर्कसने लवकर उठून लाल लाखेची पुडकी फळीवर मांडली, काउंटर पुसला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली. नॅन्स जवळजवळ धावतच आली. तिच्या हातात काळ्या लाखेचं पुडकं होतं.

"डॉर्कस, उंबऱ्यावर होतं! सगळ्यांच्या उंबऱ्यावर आहे, वरच्या आळीपर्यंत! कोण गेलं गं? नाव तरी सांग!"

"विचारलंस ते बरं केलंस," डॉर्कस म्हणाली. "विचारायचंच असतं. माझंच आहे ते, नॅन्स."

"चल, काहीतरीच! सकाळी सकाळी थट्टा," नॅन्स म्हणाली, पण तिला हसू आलं नाही. "थांब, मी चहा टाकते. तुझा तो पाणचट चहा आज नको." ती आत गेली. आतून ती दुधाबद्दल, साखरेबद्दल, मॅटच्या लग्नाबद्दल बोलत राहिली. उत्तर येत नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

ती कप घेऊन बाहेर आली. डॉर्कस तशीच खुर्चीत बसली होती, चेहरा धक्क्याकडे. तिथे मॅट होडी धूत होता. नॅन्सने तिच्या हाताला हात लावला, कप खाली ठेवला आणि तिच्या उघड्या डोळ्यांवरून हलकेच हात फिरवला.

मॅटला हाक मारायला ती दाराकडे वळली, तोच घंटा वाजली. पहिली बस आली होती. फुलाफुलांची टोपी घातलेली एक हसरी बाई आत डोकावली.

"इथली ती बिस्किटं मिळतील ना? घरी न्यायची होती."

नॅन्सचा हात सवयीने फळीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"आधी नाव सांगा," ती म्हणाली. "कुणासाठी हवीत?"