व्यंकटच्या हौदातलं दुधाळ पाणी

२०२४ साल, आन् मी एक्काहत्तर वर्षांचा. शिंपल्यात मोती पिकवणारा माझा सोबती व्यंकट सोलापूरच्या दवाखान्यात वारल्याचा फोन आला, तेव्हा मी माकणीत त्याच्याच हौदापाशी बसलो होतो. तासाभरापूर्वीच तर बोललो होतो त्याच्याशी... लई खूश होता.

व्यंकट धरणातनं शिंपले आणायचा. पुढं ते मिळंनात, तेव्हा त्यानं घरच्या हौदातच त्यांची पिलावळ काढायचं मनावर घेतलं. कुठंतरी शिकून आला होता: पाणी हळूहळू ऊन करायचं, मग गार, परत ऊन. शिंपल्यांना वाटतं ऋतू बदलला, ते बी सोडतात आन् पाणी दुधाळ होतं. म्या म्हणलं, शिंपल्यांना काय न्हाऊ घालतोस व्हय? तर म्हणला, "तू नुसता नळीतला पारा बघ. तिसाच्या वर जाऊ द्यायचा न्हाय." तीस हा आकडा त्यानं इतक्यांदा घोकला की त्याच्या घरच्या सुमनवैनींनाही पाठ झाला होता.

दवाखान्यात जाताना काम माझ्यावर टाकून गेला. मला आकडे वाचता येतात, तेवढी शाळा झालीय. पण जन्मभर करंगळी बुडवून दुधाला विरजण लावलेला माणूस मी, त्या पाऱ्याच्या काचेच्या नळीला काय विचारू? नळी खिळ्याला टांगलेलीच राहिली. पाणी तापवून ओतत गेलो, करंगळीला कोमट लागत गेलं. तिसऱ्या दिवशी हौद दुधाळ झाला. व्यंकटला फोन लावून बी सुटल्याचं सांगितलं. "बी सुटलं गड्या," एवढंच बोलला आन् हसला...

माती देऊन आलो, तर निम्मे शिंपले तोंड वासून पडलेले. मेलेले. मग ते दूध कशाचं होतं? बी सुटलं, का शिंपले सडायला लागले? का दोन्ही? त्याला मी खरं सांगितलं का खोटं, हेच मला कळंना, आन् ज्याला कळलं असतं तोच गेला. दहाव्याला वैनी म्हणल्या, "भावजी, शेवटपर्यंत त्याच आनंदात होते. पिलं दिसली का हो?" मी म्हणलो, दिसतील.

रात्रभर विचार करून डोकं उठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यात पाणी ठेवलं. करंगळी बुडवली. कोमट लागल्यावर खिळ्याची नळी काढून त्यात धरली, चष्मा पुसून पारा वाचला, आन् तसाच ओल्या हातानं वैनींच्या दारात गेलो. म्हणलो, "वैनी, माझं कोमट छत्तीस हाय."